जेवलीस पोटभर?

कॉफीवाल्या हेंग अंकलनी नेहमीसारखं विचारलं, "काय, जेवलीस पोटभर?" आणि मी म्हणाले, "नाही."

एवढंच झालं. पण अंकलच्या हातातलं कॉफीचं गाळणं हवेतच राहिलं, शेजारच्या टेबलावरचा म्हातारा वर्तमानपत्र खाली करून माझ्याकडे बघायला लागला, आणि भर दुपारी बर्मा रोडवर आपण कपडे न घालता उभ्या आहोत असं मला वाटलं. आमच्या पिनांगमध्ये ‘बरं आहे ना’ असं कोणी विचारत नाही. ‘चिया पा बोए’ विचारतात, म्हणजे जेवून पोट भरलं का. विचारणाऱ्याला तुमच्या पोटाशी काही घेणंदेणं नसतं आणि उत्तर एकच असतं, ‘भरलं.’ सकाळपासून पोटात पाण्याचा थेंब गेलेला नसो, नवरा सोडून गेलेला असो, दुकानाला आग लागलेली असो, उत्तर ‘भरलं’. फाशी जाणारा माणूससुद्धा बहुधा हेच म्हणत असेल. पन्नाशीला टेकलेली मी, टाइल्सच्या शोरूममध्ये दिवसभर लोकांना गोड बोलून न्हाणीघरं विकणारी बाई, मला काय हे ठाऊक नव्हतं? अंकल गाळणं ठेवून पुढे आले. आवाज खाली आणून म्हणाले, "काय झालं? घरात कोणी गेलं का?"

"नाही हो. भूक लागलीय, बस्स."

"मग खा ना बाई! घाबरवतेस काय दिवसाढवळ्या!" आणि त्यांनी शेजारच्या नूडल्सवाल्या आंटीला हाक मारली, "हिला आधी दे गं, हिला भूक लागलीय!" आंटीने रांगेतल्या माणसांना थांबवून मला बशी दिली, वर दोन अंडी फोडली. भिकाऱ्याला देताना माणूस जसं दुसरीकडे बघतो तसं ती दुसरीकडे बघत होती. मला लाज वाटली, पण खरं सांगायचं तर लाजेच्या खाली मला फार आनंद झाला होता. कारण मी खोटं बोलले नव्हते. बरगड्यांच्या खाली, जरा डाव्या बाजूला, काहीतरी हळूच ओढत होतं. लहान पोर पदर ओढतं तेवढंच. ती माझी भूक होती आणि ती मला ऐकू आली होती. मी अर्धी बशी खाल्ली, ओढणं थांबलं, मी हात थांबवला. उरलेलं समोर दिसत होतं आणि ते मला नको होतं. हे सांगताना कोणाला त्यात काही विशेष वाटणार नाही. ज्याला वाटणार नाही त्याने स्वतःला सुखी समजावं.

कारण मला भूक कधी ऐकूच आली नव्हती. मला ‘खा’ ऐकू यायचं आणि ‘नको खाऊ’ ऐकू यायचं, आणि दोन्ही आवाज आईचे. घरात मला माझ्या नावाने कोणी हाक मारली नाही. बी खेंग हे नाव शाळेत आणि सरकारदरबारी. घरात मी ‘आ-पुई’, म्हणजे जाडी. आई चुलीपाशी उभी राहून डुकराच्या चरबीत परतलेला भात माझ्या वाडग्यात दाबून दाबून भरायची, म्हणायची, "संपव सगळा. वाडग्यात जितकी शितं उरतील तितके डाग नवऱ्याच्या तोंडावर असतील." मी संपवायची. मग नवीन वर्षाचा लाल फ्रॉक अंगात जाईना की तीच आई दंडाला चिमटा काढून म्हणायची, "खायला काळ नि भुईला भार! कोण नेणार तुला?" शेवटी कोणीच नेलं नाही, त्यामुळे डागांचा प्रश्न आला नाही. दुष्टपणा तिच्यात नव्हता. युद्धानंतरच्या वर्षांत रताळ्याच्या सालीवर वाढलेली बाई ती; तिच्या लेखी पोरीला खायला घालणं हे एक कर्तव्य आणि पोरीला बारीक ठेवणं हे दुसरं, आणि दोन्ही तिने मन लावून केली. मधल्या मधे माझं काय झालं ते तिला समजण्यासारखं नव्हतं. मलाही समजायला केस पिकावे लागले.

सोळाव्या वर्षी मी पहिल्यांदा उकडलेल्या कोबीवर राहिले. मग पावडरीचं पाणी, मग कानात टोचून ठेवायच्या सुया, मग एका झकपक सेंटरमध्ये अंगाला प्लॅस्टिक गुंडाळून वाफेत पडून राहणं. तिथल्या मुली मला ‘ब्युटिफुल’ म्हणायच्या आणि मागे हसायच्या. दर वेळी मी थोडी उतरायची, लोक म्हणायचे वा, आणि मग एखाद्या दुपारी शोरूममध्ये कोणी नसलं की मी मागच्या नमुन्याच्या न्हाणीघरात जाऊन कमोडचं झाकण पाडून बसायची आणि नारळाच्या करंज्यांचा अख्खा डबा संपवायची. तिथल्या नळांना पाणी नव्हतं, आरशाला दिवा नव्हता. चव लागायची ती फक्त पहिल्या करंजीची. पुढचं सगळं हात आणि तोंड आपापसांत करायचे. डबा संपला की मी बोटं रुमालाला पुसून बाहेर यायची आणि गिऱ्हाइकाला सांगायची, "ही टाइल घ्या, हिच्यावर डाग दिसत नाहीत." रडू कधी यायचं नाही. दुःख झालं म्हणून मी खाते असं पुढे मला समजावून सांगण्यात आलं. पण खाताना दुःखसुद्धा जागेवर नसायचं, हे सांगणाऱ्याला कळलं नाही. तिथे कोणीच नसायचं.

सांगणारी होती मिस यिप. पुलाव तिकुसच्या बाजाराजवळ एका दुकानाच्या माडीवर ती खाण्याशी झगडणाऱ्या आम्हा बायकांना बसवायची. वय तिशीचं, बांधा काडीचा. पहिल्या दिवशी मला वाटलं, हिला काय कळणार. पण तिने आम्हाला काहीच बंद केलं नाही. म्हणाली, आजपासून खाण्यात पाप नाही आणि पुण्यही नाही. समोर अननसाचे टार्ट ठेवले आणि म्हणाली, एक घास घ्या, थांबा, आणि खाली उतरून बघा. "तोंडाने उत्तर देऊ नका. तोंडाला खोटं बोलायची सवय आहे. खाली उतरा, पोटाला विचारा." आम्ही चार-पाच बायका डोळे मिटून टार्ट हातात धरून बसलो. एक हसायला लागली. एक रडायला लागली. मी खाली उतरले, तिथे अंधार होता. कितीतरी महिने मी अशी उतरत होते आणि रिकाम्या हाताने वर येत होते. मला बारीक व्हायचं नव्हतं आता. तो नाद मी सोडला होता. मला मरायच्या आधी एवढंच हवं होतं की आपल्याला भूक आहे की नाही, हे आपलं आपल्याला कळावं. कुत्र्याला कळतं, मांजराला कळतं. आणि त्या दिवशी हेंग अंकलच्या दुकानासमोर ते मला कळलं होतं.

म्हणून संध्याकाळी मी आईकडे गेले ती अक्षरशः उड्या मारत गेले. आई तेव्हा एअर इतामच्या बाजूला एका वृद्धाश्रमात होती. दादा क्वालालंपूरला, मी दिवसभर दुकानात. पर्याय नव्हता, आणि असता तरी मी घेतला असता असं छातीवर हात ठेवून सांगत नाही. अर्धांगाचा झटका आल्यापासून तिची सगळी भाषा गेली होती. माझं नाव, टोपणनाव, शिव्या, देवांची नावं, सगळं गेलं आणि एकच वाक्य उरलं. डॉक्टर म्हणाले, असं होतं. माणसाने जे आयुष्यभर हजारदा म्हटलेलं असतं ते एखाद वेळी तोंडात राहून जातं. आईच्या तोंडात राहिलं, ‘जेवलीस पोटभर?’ ती ते डॉक्टरांना विचारायची, लादी पुसणाऱ्या बाईला विचारायची, शेजारच्या पलंगावर डोळे मिटून पडलेल्या म्हातारीला विचारायची. आणि ‘भरलं’ ऐकलं की मान हलवून समाधानाने डोळे मिटायची. मी रोज जायची, रोज ‘भरलं आई’ म्हणायची, तिच्या तोंडाला पेजेचा चमचा लावायची आणि घरी यायची.

त्या दिवशी तिने विचारलं, "जेवलीस पोटभर?"

मी पलंगाच्या कडेला बसले. खाली उतरले. पुन्हा ऐकू आलं! तीच ओढ, तीच डावी बाजू. मला वाटलं, ज्या बाईने हे माझ्याकडून नेलं तिलाच हे पहिल्यांदा सांगावं. रागाने नाही, राग मला त्या दिवशी कोणाचाच आला नसता. पोर शाळेतून आल्यावर आईला जसं सांगतं तसं सांगावंसं वाटलं. मी म्हणाले, "नाही आई. मला भूक लागलीय."

आईचे डोळे उघडले. ती माझ्याकडे बघत राहिली. ते झटक्यानंतरचं गढूळ बघणं नव्हतं, चुलीपाशी उभं राहून बघायची तसं ती बघत होती. तिचा चांगला हात पलंगाच्या दांडीवर गेला. ओठ हलले, हलले, आणि ती म्हणाली, "आ-पुई."

किती दिवसांनी! ज्या नावाने मी जन्मभर मेले त्या नावासाठी मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून हमसून हमसून रडले. तिथे काम करणारी सुर्याती, इंडोनेशियातल्या मेदानकडची मुलगी, धावत आली. "काय झालं दीदी?" मी म्हटलं, "आईने मला ओळखलं गं." सुर्यातीलाही रडू आलं. आम्ही दोघी रडत होतो आणि आई माझ्या डोक्यावरून पलीकडे, दाराकडे बघत होती. ती काय बघत होती हे मला तेव्हा कळलं नाही. स्वयंपाकघर त्या दाराच्या पलीकडे होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शोरूममध्ये फोन आला. आई पलंगावरून उतरली होती. भिंत धरून, लुळा पाय ओढत स्वयंपाकघरापर्यंत गेली होती आणि तांदळाचा डबा उघडून मूठ मूठ तांदूळ जमिनीवरच्या पातेल्यात टाकत होती. त्यांनी तिला आणून झोपवलं. ती पुन्हा उठली. दुपारी गॅसची कळ फिरवताना सापडली. मी गेले तेव्हा ती घामाघूम झाली होती आणि कोणाचंच न ऐकता एकच विचारत होती. मी तिचा हात धरून म्हटलं, "भरलं आई, पोट भरलं माझं." तिने मान हलवली नाही. माझ्या तोंडाकडे बघितलं, पोटाकडे बघितलं, आणि पुन्हा पाय खाली टाकला. जन्मभर माझं खोटं तिने ऐकून घेतलं होतं आणि एकदा खरं ऐकल्यावर आता तिला खोटं चालेना. तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्यांनी तिला खुर्चीत बसवून कमरेला मऊ कापडी पट्टा बांधला. मागून गाठ. आश्रमाची बाई मला म्हणाली, "पडली, भाजली, तर तुम्हीच आम्हाला विचाराल. दुसरा उपाय असेल तर सांगा." तिने कागद पुढे केला. मी सही केली.

मग मी तिच्यासमोर खायला लागले. खाल्लेलं दिसलं तर तरी पटेल असं वाटलं. पहिल्या दिवशी एक वाफवलेला पाव नेला, तिच्यासमोर बसून खाल्ला, तोंड उघडून दाखवलं. "जेवलीस पोटभर?" "भरलं." पट्ट्याखाली तिची कंबर पुढे सरकली. मी दुसरा पाव खाल्ला. तेव्हा ती जरा मागे टेकली. मला वाटलं, जमलं. दुसऱ्या दिवशी दोनांनी भागलं नाही. मग मी भाताचा डबा न्यायला लागले, मग भात आणि भाजलेलं डुकराचं मांस, मग त्यावर शिराळ्याचं गोड सूप, आणि आई प्रत्येक घासाबरोबर आपलं तोंड थोडं थोडं उघडायची मिटायची, आणि मी हात थांबवला की विचारायची. तिला स्वतःला तोवर पेजही गिळता येईनाशी झाली होती, नाकातल्या नळीतून दूध जात होतं. ती नळी आणि तो पट्टा बघत मी खात होते. सुर्याती एकदा म्हणाली, "दीदी, आज पुरे. तुमचा चेहरा बघा कसा झालाय."

"ती शांत बसते ना पण."

"ती बसते हो. तुम्हाला काय होतं?"

मला काय होत होतं? मी खाली उतरून बघायची आणि तिथे भात असायचा. वरपर्यंत भात. ते पदर ओढणारं पोर कुठे तरी खाली गाडलं गेलं होतं. मिस यिपला मी फोन केला, सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आईची भीती तुम्ही जेवू नका. ती तुमची भूक नाही." बरोबर होतं तिचं. इतकं बरोबर की मला तिचा संताप आला. तिची आई इपोहला धडधाकट होती, रविवारी पत्ते खेळायची. बरोबर बोलण्याने पट्ट्याची गाठ सुटत नव्हती. भाताने निदान संध्याकाळपुरती आई मागे टेकत होती. त्यानंतर मी त्या माडीवर गेले नाही. हेंग अंकल विचारायचे, मी म्हणायची, "भरलं अंकल," आणि ते मोकळं हसायचे, एक माणूस जागेवर आल्यासारखे. पुन्हा त्या नमुन्याच्या न्हाणीघरात डबा घेऊन मी कधीपासून बसायला लागले ते आठवत नाही. काही ठरवावं लागलं नाही.

आई पावसाळ्याच्या शेवटी गेली. दुपारी खुर्चीतच गेली. मी पोचले तेव्हा पट्टा सोडलेला होता आणि कोणी तरी तो घडी करून तिच्या मांडीवर ठेवला होता.

तिच्या पहिल्या श्राद्धाला दादा आणि वहिनी आदल्या दिवशी आले. दादा बून ह्वात आता आईसारखा दिसतो, आणि भूक लागली की खवळतो. वहिनी ले पेंग पहाटेपासून चुलीशी होती. आईला आवडायचं ते सगळं केलं होतं, निदान आईला आवडायचं असं आम्ही धरून चालत होतो. ती नेहमी उभ्याने, आम्ही उठल्यावर, पातेल्याच्या तळाचं खायची. तिला काय आवडतं हे कोणाला विचारायला सुचलं नव्हतं. फोटोपुढे भात, कोंबडी, मासा, चहा मांडला, उदबत्त्या लावल्या. उदबत्त्या अर्ध्या जळल्या की घरातल्या एकाने दोन नाणी टाकून मेलेल्या माणसाला विचारायचं असतं, जेवण झालं का, पोट भरलं का. एक नाणं उताणं आणि एक पालथं पडलं तर भरलं. मग पानं उचलायची आणि घरच्यांनी जेवायचं. दोन्ही सारखी पडली तर अजून नाही. दादा म्हणाला, "तू टाक. शेवटपर्यंत तूच जवळ होतीस."

मी गुडघ्यांवर बसले. नाणी ओंजळीत घेतली आणि म्हणाले, "आई, जेवलीस पोटभर?" आजवर तिने मला हे किती वेळा विचारलं असेल. मी तिला आज पहिल्यांदा विचारत होते.

दोन्ही पालथी पडली.

"घाई केलीस," वहिनी म्हणाली. "जेवू दे की त्यांना. सावकाश जेवायच्या त्या." आम्ही थांबलो. पुन्हा टाकली. दोन्ही पालथी. वहिनीने आत जाऊन कॉफी करून आणली, म्हणाली, कॉफी राहिली होती, तेच म्हणतायत. पुन्हा टाकली, दोन्ही उताणी. दादाने घड्याळाकडे बघितलं. "काय गं आ-पुई, नीट टाक ना. मासा गार झाला. आम्हाला अंधाराच्या आत निघायचंय." वहिनी त्याला दटावून म्हणाली, "देवापुढे बसलीय ती, ओरडू नका." पण तीही ताटकळून या पायावरून त्या पायावर झाली. मी फोटोकडे बघितलं. आई तरुणपणीच्या फोटोत ओठ घट्ट मिटून बसली होती. नाही म्हणते आहे, मला वाटलं. साधं, स्वच्छ, नाही. भात भरून ठेवला आहे, सगळं घर ताटकळलं आहे, आणि ती कोणाची पर्वा न करता आपल्या पोटाला विचारून सांगते आहे, नाही, अजून नाही. मला तिचा हेवा वाटला. मनात आलं, थांबावं. संध्याकाळ होऊ दे, दादा जाऊ दे, मी इथे बसून राहीन, ती हो म्हणेपर्यंत विचारत राहीन. तिला हवं ते करून आणीन. निदान एका बाईचं ‘नाही’ तरी या घरात ऐकून घेतलं जाईल.

मी नाणी टाकली. दोन्ही पालथी. मागे दादाची खुर्ची करकरली आणि तो म्हणाला, "आता काय रात्रभर उपाशी ठेवतेस सगळ्यांना?"

माझी पाठ त्यांच्याकडे होती. मी वाकून नमस्कार केला, हात नाण्यांवर गेला, आणि अंगठ्याने एक नाणं उलटवलं.

"भरलं," मी म्हणाले. "पोटभर जेवली."

"सुटलो!" दादा म्हणाला. खुर्च्या सरकल्या, वाडगे वाजले, वहिनी हसत हसत पानं उचलायला आली. माझ्या हातात तिने भरलेली बशी दिली आणि दंडाला हलकेच चिमटा काढून म्हणाली, "घे बाई, तुझ्या पोटात कावळे ओरडत असतील." मी म्हटलं, "हो ना." मी बशी संपवली, तिने पुन्हा वाढलं तेही संपवलं. सगळे हात धुवायला उठले तेव्हा आईच्या वाडग्यातला भात तसाच उरला होता, गार होऊन घट्ट झालेला. तोही मीच खाल्ला.